कोच शोधून देणाऱ्या फर्म: फी कशाची द्यावी, कशाची देऊ नये

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हेड कोच बदलायची वेळ आली की बरीच विद्यापीठं सर्च फर्मला फोन लावतात. कॉर्न फेरी, पार्कर, टर्नकी, कॉलेजिएट स्पोर्ट्स असोसिएट्स, ईस्टमन अँड बोडीन ही या धंद्यातली ओळखीची नावं. फी काही दहा हजार डॉलरपासून दोन लाखांच्या पुढेही जाते, प्रवासखर्च वेगळा. इथे परीक्षण आहे ते या सेवेचं, कुठल्या एका फर्मचं नव्हे. निकाल आधीच सांगून टाकतो. नावांची यादी मिळावी म्हणून फर्म नेमत असाल तर पैसे पाण्यात. उमेदवाराची कसून पडताळणी, गुप्तता आणि एजंटांशी पहिली बोलणी यासाठी नेमत असाल तर फी वसूल होते, पण काम काय ते कागदावर नीट उतरवून घेतलं तरच.

फी जास्त की कमी, हा वाद तसा फुकटचा आहे. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा उरलेल्या कराराचे सुमारे ७.६ कोटी डॉलर त्यांना द्यायचे ठरले. त्यापुढे सर्च फर्मची फी म्हणजे दर्यात खसखस. प्रश्न असा विचारायला हवा की एवढी मोठी चूक टाळायला ही फर्म कुठे उपयोगी पडते आणि कुठे नुसती सोबतीला बसते.

आधी यादी. फर्मची माणसं पहिल्या बैठकीत जाड फाइल घेऊन येतात: पंधरा-वीस नावं, प्रत्येकाचा विजय-पराभवाचा हिशेब, सध्याचा पगार, करारातली बाहेर पडण्याची रक्कम, एजंट कोण. फाइल दिसायला छान असते, पण त्यातलं बहुतेक सगळं अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे एडीला, आधीच माहीत असतं. माहीत नसेल तर तो त्या खुर्चीत बसायच्या लायकीचा नाही. कामाचा एडी बारा महिने पाच-सहा नावं मनाशी धरून असतो आणि दर मोसमाला ती खालीवर करतो. अलाबामात निक सेबन १० जानेवारी २०२४ ला निवृत्त झाले. एडी ग्रेग बर्न यांनी खेळाडूंना ७२ तासांचा शब्द दिला आणि १२ तारखेला वॉशिंग्टनचे केलन डिबोअर नक्की झाले. वॉशिंग्टनला त्यांच्या करारापोटी १.२ कोटी डॉलर मिळाले. वॉशिंग्टनने १४ तारखेला अ‍ॅरिझोनाचे जेड फिश उचलले, अ‍ॅरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन, आणि सॅन होजे स्टेटने केन निउमाटालोलो. एका निवृत्तीने चार विद्यापीठांचे कोच बदलले. एवढ्या वेळात कोऱ्या कागदापासून यादी करायला बसलात की चांगली नावं हातची गेलीच.

यादीत आणखी एक खोट आहे. नावं येतात ती बरीचशी एजंटांकडून, आणि एजंटांचं हे जग फार छोटं आहे. जिमी सेक्स्टन यांच्यासारख्या एकाच एजंटकडे सेबन, किर्बी स्मार्ट, लेन किफिन, फिशर असे किती तरी जण. जाणारा कोच, येणारा कोच आणि पगारवाढीसाठी नुसतंच नाव चर्चेत ठेवणारा तिसरा कोच, असे तिघेही एकाच एजंटचे असू शकतात. फर्मला पुढच्या वर्षी त्याच एजंटशी पुन्हा काम करायचं असतं, त्यामुळे त्याच्या माणसाबद्दल फर्म कडू बोलेल अशी फार आशा धरू नये. शिवाय याच फर्म एडींच्याही नेमणुका करून देतात. ज्या फर्मने एडीला नोकरी मिळवून दिली तिलाच तो कोच शोधायचं काम देतो, तेव्हा कोण कुणाचं परीक्षण करतंय हे सांगणं अवघड होतं.

चलती नावं आणि चांगली नावं यांत किती अंतर असतं हे पाहायचं तर इंडियाना घ्या. २०२३ च्या मोसमात ३ विजय, ९ पराभव. कोच टॉम अ‍ॅलन यांना काढण्याची किंमत सुमारे २.०८ कोटी होती, ती वाटाघाटी करून दोन हप्त्यांत १.५५ कोटींवर आणली. मग एडी स्कॉट डॉल्सन यांनी जेम्स मॅडिसनहून कर्ट सिग्नेटींना आणलं. साठी उलटलेला माणूस, आणि मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या मोठ्या लीगमध्ये, हेड कोच म्हणून एक दिवसाचाही अनुभव नाही. पण आययूपी (इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया), इलॉन, जेम्स मॅडिसन, जिथे गेले तिथे एकही मोसम पराभवांकडे झुकलेला नव्हता. २०२४ मध्ये इंडियानाचे ११ विजय झाले आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्येही जागा मिळाली. सिग्नेटींचा हिशेब काही तिजोरीत नव्हता, कुणालाही पाहता आला असता. तो वाचून धाडस करणं हे एडीचं काम, आणि ते कुणाला कंत्राटाने देता येत नाही. यादीच्या कामाला आम्ही पाचपैकी दोन गुण देऊ, तेही एका कारणासाठी: दुसरीकडे करारात असलेल्या कोचला रस आहे का, हे फर्म चाचपून बघू शकते आणि एडी उजळ माथ्याने म्हणू शकतो की मी कुणाला फोन केलेला नाही.

खरं काम सुरू होतं पडताळणीत.

जॉर्ज ओ'लिअरी यांचं उदाहरण या धंद्यात अजूनही दिलं जातं. डिसेंबर २००१ मध्ये नोटर डेमने त्यांना नेमलं आणि पाचव्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीची मास्टर्स पदवी आणि न्यू हॅम्पशायरकडून खेळल्याचा दावा, दोन्ही खोटे निघाले. मजकूर वर्षानुवर्षं एका कॉलेजच्या माहितीपत्रकातून दुसऱ्याच्या माहितीपत्रकात उतरवला जात होता, कुणी मूळ कागद मागितलाच नाही. पदवीची खात्री करायला रजिस्ट्रारला एक फोन किंवा पदव्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउसमध्ये एक चौकशी पुरते. उलट उदाहरण बास्केटबॉलमधलं आहे: मार्च २०१४ मध्ये साउथ फ्लोरिडाने स्टीव्ह मासिएलो यांना जवळपास नक्की केलं होतं. पदवी पूर्ण झालेली नाही हे तपासणीत निघालं आणि व्यवहार तिथेच थांबला. फी द्यायची ती तपासणीतल्या अशा एका ओळीसाठी.

पूर्ण पडताळणीत काय काय येतं ते नीट माहीत हवं, कारण फर्म 'बॅकग्राउंड चेक केला' एवढंच सांगून मोकळ्या होतात. पदव्या मूळ संस्थेकडून तपासायच्या. नोकऱ्यांच्या तारखा त्या त्या विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाकडून घ्यायच्या, माहितीपत्रकातून नाही. फौजदारी आणि दिवाणी खटले काउंटीनिहाय पाहायचे, आणि वेळ खातं ते हेच. कोच लोक दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलतात. पन्नाशीतला कोच म्हणजे आठ-दहा काउंट्या, चार-पाच राज्यं. सगळ्या काउंट्यांच्या नोंदी संगणकावर मिळत नाहीत, काही ठिकाणी कोर्टात माणूस पाठवून रजिस्टर बघावं लागतं. स्वस्तातला 'राष्ट्रीय' शोध ही भोकं बुजवत नाही. मग वाहनपरवान्याची नोंद, आर्थिक पत, समाजमाध्यमांवरचं जुनं लिखाण, आणि एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या, नियमांच्या भंगाचा इतिहास. मोठी, निकाल लागलेली प्रकरणं एनसीएएच्या जाहीर डेटाबेसमध्ये सापडतात. चालू चौकशी सापडत नाही. ती उमेदवारालाच लेखी विचारायची आणि खोटं सांगितलं तर करार रद्द, असं कलम घालायचं. २०२३ पासून एनसीएएच्या नियमांत सहायकांच्या उल्लंघनाची जबाबदारी आपोआप हेड कोचवर येते, त्यामुळे त्याच्या जुन्या सहायकांचा इतिहासही वाचायला हवा. हे काम फर्म क्वचितच आपणहून करतात. सांगावं लागतं.

संदर्भाची माणसंही फर्मने स्वतः शोधायला हवीत. उमेदवाराने दिलेली पाच नावं त्याचं गुणगानच करणार. उपयोगी माहिती मिळते ती इक्विपमेंट रूम सांभाळणाऱ्याकडून, अ‍ॅथलेटिक ट्रेनरकडून, अभ्यास सांभाळणाऱ्या समुपदेशकाकडून आणि नियमपालन अधिकाऱ्याकडून. जखमी खेळाडूला मैदानावर परत आणायला हा माणूस ट्रेनरवर दबाव आणतो का, या एका प्रश्नाचं उत्तर दहा शिफारसपत्रांना भारी पडतं.

घोडं अडतं ते वेगळ्याच जागी. बाहेरच्या एजन्सीमार्फत नोकरीसाठी अशी तपासणी करायची तर संघराज्याच्या कायद्याप्रमाणे उमेदवाराची लेखी संमती लागते. उमेदवार मात्र दुसरीकडे करारात असतो, आणि आपली सही कुठल्याही कागदावर नको असते. म्हणून सुरुवातीला फक्त जाहीर माहिती चाळली जाते आणि पूर्ण तपासणी होते ती हात मिळवल्यानंतर, अनेकदा बातमी फुटल्यानंतर. तोवर मागे फिरणं म्हणजे जगासमोर हसं. यावर उपाय आहे आणि तो करणाऱ्या फर्म चांगल्या: शेवटच्या दोन-तीन उमेदवारांचं संमतिपत्र मुलाखतीच्या टेबलावरच घ्यायचं आणि फर्मकडेच ठेवायचं. फर्म म्हणाली की हे जमत नाही, तर दुसरी बघा.

आणि कागद स्वच्छ असले म्हणजे सुटलात असंही नाही. टेनेसीचं प्रकरण २६ नोव्हेंबर २०१७ चं. एडी जॉन करी यांनी ग्रेग शियानो यांच्याशी सामंजस्य करारावर सही केली. बातमी फुटली, दुपारपर्यंत विद्यार्थी, आमदार, देणगीदार सगळे उसळले, आणि रात्रीपर्यंत व्यवहार मोडला. पेन स्टेटच्या सहायक कोचने मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या जुन्या प्रकरणात शियानो यांचं नाव घेणारी एक ऐकीव साक्ष आदल्या वर्षी जाहीर झाली होती. त्यांनी ती नाकारली होती आणि त्यांच्यावर कोणताही आरोप दाखल नव्हता. कायद्याच्या तपासणीत यात अडण्यासारखं काही नव्हतं. लोक हे ऐकून काय म्हणतील, याची चाचणी कुणी घेतली नव्हती. आठवडा संपायच्या आत करी पदावरून दूर झाले, माजी कोच फिलिप फुल्मर एडी झाले आणि त्यांनी जेरेमी प्रुइट यांना आणलं. तेव्हा फर्मला स्वतंत्र काम द्यावं: प्रत्येक अंतिम उमेदवाराबद्दल जगातली सर्वांत वाईट बातमी दोन परिच्छेदांत लिहून द्या. ते पान कुलगुरू आणि विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनी सहीआधी वाचायचं. पडताळणीला पाचपैकी साडेचार, पण हे पान मिळालं तरच.

गुप्ततेवर फार शब्द घालवत नाही. सरकारी विद्यापीठांची कागदपत्रं राज्याच्या खुल्या नोंदींच्या कायद्याखाली येतात. फर्मकडच्या टिपणांना बऱ्याचदा ते लागू होत नाही, आणि अनेक विद्यापीठं फर्म नेमतात ती मुळात यासाठीच. लोकशाहीच्या दृष्टीने हे चांगलं की वाईट, ते वाचकाने ठरवावं. सोय मात्र खरी आहे. पण फर्म कितीही पैसे घेवो, एडीच्या फोनमधले मेसेज नोंदीतच धरले जाऊ शकतात आणि विद्यापीठाच्या विमानाचा शेपटीवरचा क्रमांक चाहते इंटरनेटवर तास न् तास बघत बसतात. म्हणून मुलाखत उमेदवाराच्या गावी नाही, आपल्याही गावी नाही, तिसऱ्याच शहरात ठेवतात. खोल्या फर्मच्या नावावर घ्याव्यात, विमान भाड्याचं असावं, आणि उमेदवारांच्या वेळांत एवढं अंतर असावं की लिफ्टमध्ये दोन कोच समोरासमोर येणार नाहीत. ही हमाली फर्म उत्तम करतात.

मुलाखतीत फर्मच्या माणसाने गप्प बसावं, असं आमचं मत. प्रश्न एडीचे असावेत, आणि आता ते बदललेत. खेळाडूंना पैसे देण्यावरून झालेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीनंतर २०२५-२६ पासून विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं; पहिल्या वर्षी सगळ्या खेळांत मिळून मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर होती. फुटबॉलच्या वाट्याचे पैसे क्वार्टरबॅक, लाइन, बचाव यांत कसे वाटणार? दोन्ही कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण आणि बचाव सांभाळणारे मुख्य सहायक, कोण, त्यांच्याशी बोलणं झालंय का, आणि ते आले नाहीत तर दुसरं नाव कोणतं? आत्ताच्या संघातले कुठले दहा खेळाडू आधी थांबवणार? याला गोल-गोल उत्तर आलं, तर समोरचा माणूस पगारवाढीसाठी आलाय असं समजा.

आता करार. फर्म इथे मध्यस्थी करते, आणि इथेच तिच्यावर विसंबणं महागात पडतं. सुरुवातीला दोन-तीन पानांची टर्म शीट होते: वर्षं, पगार, सहायकांच्या पगाराचा एकत्रित निधी, बोनस, दोन्ही बाजूंच्या बाहेर पडण्याच्या रकमा. सविस्तर करार पुढे काही महिने रेंगाळतो. पण पुढे भोवतात ती कलमं या पहिल्या पानांतच ठरलेली असतात. एक कलम बारकाईने पाहा: काढलेल्या कोचला दुसरी नोकरी मिळाली तर आपलं देणं कमी होतं का? फिशर यांच्या करारात असं काही नव्हतं. त्यांना ६० दिवसांत १.९२ कोटी आणि मग २०३१ पर्यंत दर वर्षी सुमारे ७२ लाख, दुसरीकडे काम करा वा न करा. पेन स्टेटने १२ ऑक्टोबर २०२५ ला जेम्स फ्रँकलिन यांना काढलं तेव्हा देणं ४.९ कोटींच्या आसपास होतं. ते पाच आठवड्यांत व्हर्जिनिया टेकला गेले आणि तडजोडीत आकडा ९० लाखांवर आला. हे कलम घालायला एक ओळ लागते. एजंट ती खोडायला बघतो, आणि व्यवहार लवकर मिटावा ही फर्मची इच्छा असल्यामुळे ती या ओळीसाठी भांडत नाही. टर्म शीटवर विद्यापीठाचा वकील पहिल्या दिवसापासून बसलेला हवा. दोन अटी तर ठळक अक्षरांत: पडताळणी पूर्ण होईपर्यंत आणि विश्वस्त मंडळाची मंजुरी मिळेपर्यंत हा कागद बंधनकारक नाही.

निर्णय कुणाचा, हे ठरलेलं नसेल तर जगातली कुठलीही फर्म कामाची नाही. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, म्हणजे एलएसयूने, २६ ऑक्टोबर २०२५ ला ब्रायन केली यांना काढलं. सुमारे ५.४ कोटींचं देणं. तीन दिवसांत लुइझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री जाहीरपणे म्हणाले की पुढचा कोच एडी स्कॉट वुडवर्ड निवडणार नाहीत, आणि चौथ्या दिवशी वुडवर्ड गेले. फिशर यांचा टेक्ससमधला पहिला मोठा करार करणारेही वुडवर्डच. केलींना नेमकं कशासाठी काढलं यावरून नोव्हेंबरमध्ये प्रकरण कोर्टात गेलं. अशा गोंधळातूनही एलएसयूला ओल मिसचे (मिसिसिपी विद्यापीठाचे) लेन किफिन मिळाले, सात वर्षं, वर्षाला सुमारे १.३ कोटी. पैसा आणि नाव मोठं असलं की खपून जातं. मधल्या फळीतल्या विद्यापीठाने हा खेळ केला तर चांगला उमेदवार पहिल्याच फोनला नाही म्हणतो.

शेवटचं दुखणं कॅलेंडरचं. नियमित मोसम नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी संपतो आणि डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी, कुठल्या विद्यापीठाकडून खेळणार याच्या शाळकरी खेळाडूंच्या सह्या सुरू होतात. मध्ये जेमतेम चार दिवस. म्हणून २०२५ मध्ये विद्यापीठांनी सप्टेंबर-ऑक्टोबरातच कोच काढायला सुरुवात केली. लवकर काढलं म्हणजे लवकर मिळतो, असं मात्र नाही. पेन स्टेटने १२ ऑक्टोबरलाच जागा मोकळी केली, बीवाययूच्या (ब्रिगम यंग विद्यापीठाच्या) कलानी सिटाके यांच्याकडे बघितलं, ते आपल्या जागीच राहिले, आणि ३ डिसेंबरला सह्यांच्या दिवशी पेन स्टेटकडे फक्त दोन खेळाडू होते. आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल आले ते त्यानंतर. दुसऱ्या-तिसऱ्या नावाशी समांतर बोलणी चालू ठेवणं हे फर्मचं काम, आणि मोठ्या शोधांत सगळ्यात जास्त ढिलाई होते ती याच कामात. पहिलं नाव 'होकाराच्या जवळ' आहे असं ऐकत आठवडे जातात.

पोर्टलचा, म्हणजे खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याच्या यंत्रणेचा, नियमही बदललाय, तो फर्मला पाठ असायला हवा. पूर्वी कोच गेला की खेळाडूंना ३० दिवसांची खिडकी उघडायची. अलाबामाची घाई त्यासाठी होती, आणि तरीही त्यांचा बचावपटू केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेलाच. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही खिडकी १५ दिवसांची झाली, आणि ती उघडते नवा कोच जाहीर झाल्यानंतर पाच दिवसांनी. म्हणजे नव्या कोचला संघाशी बोलायला पाच दिवस हातात असतात. त्या दिवसांत तो पत्रकार परिषदा आणि देणगीदारांच्या जेवणावळीत अडकला तर चूक वेळापत्रक आखणाऱ्याची. फर्मकडून या पाच दिवसांचं तासावार वेळापत्रक आधीच मागून घ्या.

फर्मशी करार करताना फी ठोक ठरवा, कोचच्या पगाराच्या टक्क्यांत नको, नाहीतर पगार वाढला की फर्मचंही भलं होतं. प्रवासखर्चाला वरची मर्यादा घाला. गेल्या तीन वर्षांत त्यांनी कुठल्या एजंटच्या किती माणसांना बसवलं, आणि तुमच्या एडीच्या नेमणुकीत त्यांचा हात होता का, हे लेखी मागा. पडताळणीचा अहवाल तोंडी नको, सहीनिशी हवा, आणि काय तपासलं नाही तेही त्यात लिहिलेलं हवं. फीचा निम्मा भाग हा अहवाल हातात पडल्यावरच द्या. नेमलेला कोच वर्षाच्या आत पडताळणीत सुटलेल्या कारणाने गेला, तर नवा शोध फुकट करून देण्याचं कलम मागा. चांगली फर्म थोडी घासाघीस करून ते मान्य करते.